पिरॅमिड बाहेरून, थडगी आतून : मुंबईहून पहिल्यांदा इजिप्तला निघालेल्यांसाठी

इजिप्तहून परत आलेल्या माणसाला मुंबईत दोनच प्रश्न विचारतात. पिरॅमिडच्या आत गेलात का? आणि जेवणाचं काय केलंत? जेवणाचं उत्तर सोपं आहे, ते खाली येईलच. पिरॅमिडचं जरा लांब आहे. कारण बहुतेक जण पैसे आणि गुडघे दोन्ही गिझाच्या मोठ्या पिरॅमिडात खर्च करून बसतात, आणि जिथे आत खरंच बघण्यासारखं आहे तिथे पोचतात तेव्हा बसमधून उतरायचाही कंटाळा आलेला असतो.

तेव्हा आधीच सांगते. गिझाचे पिरॅमिड बाहेरून बघायची गोष्ट आहे, आत भिंती कोऱ्या आहेत. दक्षिणेकडच्या लक्झर गावाजवळची थडगी बाहेरून म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी काढलेली नुसती दारं, पण आत छतापर्यंत रंग. कैरोजवळच्या सक्काऱ्याला दोन्हीचा थोडा थोडा अनुभव मिळतो. सगळा कार्यक्रम या हिशोबाने आखा.

१. आधी काळाचा क्रम डोक्यात बसवा

हे केलं नाही तर तिसऱ्या दिवशी सगळे राजे एकसारखे वाटायला लागतात. ढोबळ क्रम असा : सुरुवातीला राजे आणि सरदार ‘मस्तबा’मध्ये पुरले जात, म्हणजे जमिनीखाली खड्डा आणि वर सपाट माथ्याचं चौकोनी बांधकाम. इ. स. पू. २६५०च्या सुमारास जोसर राजासाठी त्याच्या स्थापत्यकाराने, इम्होतेपने, एकावर एक लहान होत जाणारे सहा टप्पे दगडात उभे केले. तो सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड. मग स्नेफेरू राजाने तिथून जवळच्या दाशूरला गुळगुळीत बाजूंचा प्रयोग केला. तिथला एक पिरॅमिड मध्येच कोन बदलून वाकडा झाला, दुसरा, लाल पिरॅमिड, नीट जमला. त्याचा मुलगा खुफू. त्याचा गिझाचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता.

त्यानंतर हजार वर्षांनी राजांनी पिरॅमिडचा नाद सोडला. एवढी मोठी खूण बांधली की चोरांना पत्ता आपोआप कळतो. म्हणून लक्झरजवळच्या डोंगरात, राजांच्या दरीत, लपवून थडगी खोदायला सुरुवात झाली. चोर तिथेही पोचले, ती गोष्ट वेगळी.

तुतनखामुन या दरीतला. त्याच्या दृष्टीने खुफूचा पिरॅमिड जवळपास तेवढा जुना होता, जेवढं आपल्या दृष्टीने वेरूळचं कैलास लेणं आहे. एवढं लक्षात राहिलं तरी गाईडचं निम्मं बोलणं डोक्यात शिरतं.

२. केव्हा जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दिवाळीची सुट्टी उत्तम, नाताळचा आठवडा सगळ्यात गर्दीचा आणि महाग. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते म्हणून लक्झरला जाऊ नका. पारा चाळिशीच्या वर जातो आणि दरीत सावली नावाला असते. रमजानमध्ये बऱ्याच ठिकाणी वेळा कमी होतात, तेवढं कॅलेंडर बघून घ्या.

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, साधारण सहा तास. थेट विमानाचे वार ठरलेले असतात, ते जुळले नाहीत तर आखाती शहरांतून बदलून जाता येतं. कैरोला तीन पूर्ण दिवस आणि लक्झरला दोन द्या. लक्झर एका दिवसात उरकणाऱ्या सहली मिळतात. पहाटे विमानाने नेतात, रात्री परत आणतात. त्या घेऊ नका.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

इजिप्तचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, त्यामुळे दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढून जाणं हाच सुरक्षित मार्ग. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू आणि वापरलेला व्हिसा पासपोर्टवर असेल तर कैरोच्या विमानतळावर व्हिसा देण्याची सवलत आहे. पण तिच्या भरवशावर असाल तर विमान कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या. कारण अडवतात ते कैरोत नाही, इथे सहारला चेक-इनच्या काउंटरवर. नियम बदलत राहतात, म्हणून शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका. दूतावासाची ताजी यादी घ्या.

बहुतेक वेळा लागणारे कागद :

- परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा पासपोर्ट, कोरी पानं शिल्लक असलेला. जुने पासपोर्टही सोबत
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ताजे फोटो
- भरलेला अर्ज आणि प्रवासाचा हेतू सांगणारं पत्र
- बँकेचं स्टेटमेंट (बँकेचा शिक्का मारून) आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजेचं पत्र, धंदा असेल तर नोंदणीचा कागद, निवृत्त असाल तर पेन्शनचा पुरावा
- जाण्या-येण्याचं आरक्षण, हॉटेलांची बुकिंगं, प्रवास विमा

नावाकडे नीट बघा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, तिकिटावर नसतं, बँकेत आणखी तिसरंच असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना याचा जास्त त्रास होतो. सगळीकडे पासपोर्टसारखंच नाव लिहा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

४. टूर घ्यायची की स्वतः जायचं

सोबत ज्येष्ठ माणसं असतील तर टूर घ्या, लाजायचं कारण नाही. पिठलं-भात आणि खिचडीची सोय करणाऱ्या आपल्या कंपन्या या बाबतीत तयार आहेत. फक्त पैसे भरायच्या आधी चार प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी मागा.

राजांच्या दरीत किती तास? दोनपेक्षा कमी म्हणाले तर दुसरीकडे बघा. नेहमीच्या तिकिटापलीकडची खास थडगी धरली आहेत का, नसतील तर स्वखर्चाने जाऊ देणार का? सक्कारा आहे की नुसतं गिझा? आणि अत्तराचं दुकान, पपायरसचं दुकान, अलाबास्टरचा कारखाना यांत मिळून किती वेळ जाणार? या शेवटच्या प्रश्नावर फोनवरचा माणूस थोडा थांबतो. थांबू द्या.

परदेशी टूरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकर, कापला जातो. पावती जपून ठेवा, विवरणपत्र भरताना तो हिशोबात धरता येतो.

स्वतः जाणार असाल तर गाईड सरकारी परवान्याचा, आणि तोही दिवसाच्या बोलीवर. एक गोष्ट गाईडच सांगत नाहीत : राजांच्या दरीत थडग्यांच्या आत त्यांना व्याख्यान द्यायला बंदी आहे. गर्दी तुंबू नये म्हणून. ते बाहेर मांडवात चित्रं दाखवून समजावतात आणि आत तुम्ही एकटे जाता. त्यामुळे बाहेर ऐकताना दोन-चार खुणा लिहून घ्या, नाहीतर आत गेल्यावर ‘ते गरुडाच्या तोंडाचं कोण होतं?’ असं एकमेकांना विचारत बसाल.

५. पैशांची तयारी

आता मोठ्या स्थळांच्या तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. आणि आपल्या इथल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपण सुरू करेपर्यंत बंदच असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय वापर’ चालू करा, मर्यादा वाढवा, पिन आठवतोय ना ते बघा. फॉरेक्स कार्ड घेतलं तरी दुसरं एक कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवा. खिडकीवर कार्ड नाकारलं जातं तेव्हा मागची सगळी रांग आपल्याकडे बघत असते.

रोख डॉलर न्या, तिथे लागतील तसे इजिप्शियन पौंड करून घ्या. रुपयांचा उपयोग नाही. सुट्टे पौंड मात्र भरपूर हवेत. हॉटेलच्या रिसेप्शनवर रोज सकाळी मोठी नोट मोडून घ्यायची सवय लावा.

विद्यार्थ्यांना स्थळांच्या तिकिटावर साधारण निम्मी सूट मिळते. कॉलेजचं ओळखपत्र काही ठिकाणी चालतं, पण आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्ड काढून नेलं तर वाद होत नाही. घरात बारावी-कॉलेजवालं कोणी असेल तर हे आधी करा.

६. पहिला दिवस सक्काऱ्याला

सगळे पहिल्या दिवशी गिझाला पळतात. तुम्ही सक्काऱ्याला जा. कैरोपासून तासाभराच्या आत आहे, गर्दी कमी, आणि जिथून सुरुवात झाली तिथूनच तुम्हीही सुरुवात करता. जोसरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडची दुरुस्ती बरीच वर्षं चालली, २०२० मध्ये तो पुन्हा खुला झाला.

पण सक्काऱ्याचा खरा ऐवज सरदारांच्या मस्तब्यांत आहे. त्यातल्या ‘ती’च्या मस्तब्यासाठी वेळ राखून ठेवा. ‘ती’ हे माणसाचं नाव, राजदरबारातला मोठा अधिकारी. त्याच्या थडग्याच्या भिंतींवर उथळ कोरीव काम आहे : शेती, मासेमारी, पाणघोडे, होड्या बांधणारे सुतार. एका ठिकाणी गुराखी गाई घेऊन ओढा ओलांडतायत. पुढच्या गुराख्याने पाठीवर कोवळं वासरू घेतलंय आणि ते वासरू मान वळवून मागे आईकडे बघतंय. पाण्याखालचे गाईंचे पाय दिसतात, वर नागमोडी रेघांनी पाणी काढलंय. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं काम आहे. गाईड सहसा इथे थांबत नाही, त्याला राजांच्या गोष्टी सांगायच्या असतात. तुम्ही थांबा.

तिथेच उनास राजाचा पिरॅमिड आहे. बाहेरून मातीचा ढीग वाटतो. उघडा असेल तर आत नक्की वाका. पिरॅमिडच्या भिंतींवर मंत्र कोरायची प्रथा या राजापासून सुरू झाली. उभ्या ओळींत चित्रलिपी, अक्षरांत भरलेला निळा रंग, आणि वर छतावर चांदण्या.

७. दाशूर आणि गिझा

पिरॅमिडच्या आत जायची हौस असेल तर ती दाशूरच्या लाल पिरॅमिडात भागवा. स्थळाच्या तिकिटातच आत जाता येतं, रांग नसते. आधी बाहेरून बऱ्याच पायऱ्या चढायच्या, मग साठेक मीटर लांबीचा उतरता बोगदा, जेमतेम मीटरभर उंच. उलटं, मागे तोंड करून उतरलेलं बरं पडतं. खाली पोचलं की डोक्यावर टप्प्याटप्प्याने आत सरकत गेलेलं दगडी छत. वासाची तयारी ठेवा, आत अमोनियासारखा उग्र दर्प असतो. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात, म्हणून हे आणि लक्झर लागोपाठ ठेवू नका.

गुडघेदुखी, दमा, रक्तदाब किंवा बंद जागेची भीती असेल तर कुठल्याच पिरॅमिडच्या आत जाऊ नका. हे स्पष्ट सांगते, कारण बरोबरची मंडळी ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून ढकलतात. अर्ध्या बोगद्यात वळता येत नाही.

गिझाला खुफूच्या आत जायचं तिकीट वेगळं आणि महाग असतं. आत काय आहे ते सांगते, मग ठरवा. जुन्या काळी फोडलेल्या भुयारातून आत शिरायचं. खलिफा मामूनने नवव्या शतकात ते खणलं असं सांगतात. मग कंबरेत वाकून चढायची चिंचोळी वाट. याच वाटेने लोक वर जातात आणि खालीही येतात, म्हणजे संध्याकाळी सहाचा दादरचा पूल, फक्त वाकून. त्यानंतर एकदम साडेआठ मीटर उंच, सत्तेचाळीस मीटर लांब दालन चढत जातं. हे दालन मात्र थक्क करतं. शेवटी राजाचा कक्ष : ग्रॅनाइटच्या कोऱ्या भिंती, एक कोपरा तुटलेली बिनझाकणाची दगडी पेटी, आणि घाम. ना चित्र, ना अक्षर. बांधकामाची आवड असलेल्यांनी जरूर जावं. बाकीच्यांनी तेच पैसे लक्झरसाठी ठेवावेत.

बाहेरून मात्र गिझाला अर्धा दिवस द्या. मधला खाफ्रेचा पिरॅमिड उंच वाटतो, कारण तो चढावर आहे. खुफूचा त्याच्याहून मोठा. खाफ्रेच्या माथ्यावर जुनं गुळगुळीत आवरण थोडं शिल्लक आहे, ते बघून पूर्वी सगळे कसे दिसत असतील याचा अंदाज बांधा. मग खुफूच्या पायथ्याशी एखाद्या दगडाला टेकून उभे राहा. दगड छातीपर्यंत येतो. असे अंदाजे तेवीस लाख आहेत. २०२५ पासून पर्यटकांना फय्युम रस्त्याच्या बाजूने आत घेतात आणि आत फिरायला विजेच्या बस आहेत. टॅक्सीवाला जुन्या दाराशी नेऊन ‘हेच दार’ म्हणाला तर ऐकू नका.

८. लक्झर : इथे हात आखडता घेऊ नका

कैरोहून लक्झरला विमानाने तास लागतो, रात्रीची रेल्वेही आहे. गाव नाईलच्या पूर्वेला, थडगी पश्चिमेला. सकाळी सहाला दरी उघडते तेव्हा तुम्ही दारात असायला हवं. नऊनंतर क्रूझच्या बसगाड्या येतात आणि मग चित्रांऐवजी पाठी बघायला मिळतात.

दरीत साठाहून जास्त थडगी आहेत, पण एका वेळी मोजकीच उघडी असतात आणि आलटून पालटून बंद ठेवतात. नेहमीच्या तिकिटात कोणतीही तीन. काही थडग्यांना वेगळं तिकीट, आणि ती तिकिटं मुख्य खिडकीवरच घ्यावी लागतात. आत चालत गेल्यावर मन बदललं तर पुन्हा मागे यायचं. म्हणून आधी ठरवा. माझी निवड अशी :

रामसेस चौथा. उतार सौम्य, वाट रुंद, ज्येष्ठांना झेपते. रंग स्वच्छ, शेवटी अवाढव्य ग्रॅनाइटची शवपेटी.

रामसेस तिसरा. बाजूच्या छोट्या खोल्या चुकवू नका, एकीत वीणेसारखं वाद्य वाजवणारे दोन वादक आहेत.

तिसरं मेरेनप्ताह किंवा थुतमोस तिसरा, जे उघडं असेल ते. दोन्हीकडे चढउतार आहे. थुतमोसच्या थडग्यात आधी लोखंडी जिना चढून कड्यात शिरायचं आणि मग खाली. दफनकक्षात नेहमीचे भरघोस रंग नाहीत, पिवळसर भिंतीवर काड्यांसारख्या माणसांची बारीक रेखाटनं आहेत, एखादी पोथी उलगडून भिंतीला लावल्यासारखी. मला हे सगळ्यात आवडलं. बरोबरच्यांना ‘अपूर्ण राहिलंय’ असं वाटलं.

जादा तिकिटांपैकी रामसेस पाचवा-सहावा यांचं सामाईक थडगं पैसा वसूल आहे. दफनकक्षाच्या छतावर आकाशदेवी नूत दोनदा, पाठीला पाठ लावून पसरलेली आहे. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि सकाळी पुन्हा जन्मतो. मान दुखेपर्यंत वर बघा. भिंतींवर खालच्या भागात ग्रीक आणि लॅटिनमध्ये खरडलेली नावं दिसतील. ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या पर्यटकांची. आपल्या किल्ल्यांवर बदाम काढणाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आहे.

सेती पहिला हे दरीतलं सगळ्यात देखणं आणि सगळ्यात महाग. इतिहासाचं वेड असेल तर एकदाच काय ते पैसे घाला.

तुतनखामुनचं तिकीट सगळे घेतात. आत चार लहान खोल्या, त्यातली एकच रंगवलेली. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये जे सापडलं, पाच हजारांहून जास्त वस्तू, ते जवळपास सगळं आता गिझाजवळच्या नव्या संग्रहालयात. थडग्यात उरलाय तो स्वतः राजा, काचेच्या पेटीत, चादरीतून काळा चेहरा आणि पावलं बाहेर. बघायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. एका भिंतीवर बारा माकडं ओळीने बसवली आहेत, रात्रीच्या बारा तासांची. मुलांना ती फार आवडतात.

दुपारनंतर त्राण उरलं तर दैर अल-मदीनाला जा. राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. दिवसा राजासाठी राबायचे आणि सुट्टीत स्वतःची छोटी थडगी रंगवायचे. सेन्नेजेमच्या खोलीत तो आणि त्याची बायको पांढऱ्याशुभ्र कपड्यांत शेत नांगरतायत, पेरतायत, कापतायत. खोली इतकी लहान की दहा माणसांत भरते, आणि रंग इतके ताजे की हात लावायचा मोह होतो. लावू नका. या जागेचं तिकीट तिथे मिळत नाही, मेम्नॉनच्या दोन बसलेल्या पुतळ्यांपुढच्या तिकीट कचेरीत आधी घ्यावं लागतं. हे न कळल्यामुळे किती तरी जण तसेच परत फिरतात.

राणी नेफेर्तारीचं थडगं अलीकडे जतनाच्या कामासाठी बंद ठेवलं होतं. तिथे गेल्यावर विचारा, उघडलं असेल तर बाकी काहीही रद्द करा.

९. संग्रहालयं शेवटी

गिझाजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुलं झालं. सोन्याचा मुखवटा आणि तुतनखामुनचा सगळा पसारा तिथे. खुफूची लाकडी नावही तिथेच. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट आधीच काढा. राजांच्या ममी मात्र इथे नाहीत, त्या २०२१ पासून कैरोच्या फुस्तात भागातल्या संग्रहालयात आहेत आणि त्या दालनात फोटोला बंदी आहे. थडगी आधी बघून मग इथे आलात तर प्रत्येक वस्तू कुठल्या खोलीतून आली ते डोळ्यांसमोर येतं. उलट क्रमाने नुसती काचेची कपाटं उरतात.

१०. उंट, बक्षिशी आणि ‘माय फ्रेंड’

उंटावर फुकट बसवतात, उतरवायचे पैसे घेतात. बसायचंच असेल तर ‘बसून, फिरून, उतरून’ असा एकच भाव ठरवा आणि पैसे उतरल्यावर द्या. ‘हे दार आज बंद आहे, माझ्याबरोबर चला’ म्हणणारा माणूस कर्मचारी नसतो. थडग्यातला पहारेकरी खुणेने कोपऱ्यात बोलावतो, दोरीपलीकडे नेतो, फोटो काढून देतो. ते सगळं बक्षिशीसाठी. नको असेल तर हसून ‘ला, शुक्रन’ म्हणा आणि चालत राहा. थांबलात की संपलं. तरी स्वच्छतागृहापाशी, सामान उचलणाऱ्याला आणि ड्रायव्हरला द्यावीच लागते, म्हणून ते सुट्टे पौंड.

थडग्यात फ्लॅश वापरू नका. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय तो नेणं बेकायदा आहे. कोणी हळूच ‘खरी जुनी वस्तू’ दाखवली तर ती खोटी असते, आणि खरी असली तर तुरुंगात नेणारी. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

११. जेवण, औषधं आणि पिशवी

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. भात, मसूर, मॅकरोनी, टोमॅटोचा रस्सा आणि वर तळलेला कांदा घातलेली ‘कोशारी’ रस्तोरस्ती मिळते. ‘फूल’ म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगांतल्या दाण्यांची उसळ, ‘तामिया’ म्हणजे त्याच दाण्यांचे वडे, आणि गरम पोळीसारखा पाव. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र मेथीचे ठेपले आणि दशम्या बांधून घ्याव्यात. पाणी बाटलीचंच.

औषधांबाबत सावध राहा. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि खोकल्याची औषधं नेऊ नका, तिथे त्यावर अटक होऊ शकते. नेहमीच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

पिशवीत : टोपी, सुती ओढणी किंवा पंचा, पकड असलेले बूट (सँडल नको, वाळू आत जाते), इलेक्ट्रॉलची पाकिटं, गुडघ्याचा पट्टा आणि छोटी विजेरी. विजेरी महत्त्वाची. सरदारांच्या थडग्यांत कोपऱ्यांत उजेड पोचत नाही. भिंतीच्या बाजूने तिरपा झोत टाकला की सपाट वाटणाऱ्या दगडावर अचानक बोटं, पिसं, मासळीचे खवले उठून दिसतात. पहारेकऱ्याला आधी विचारून घ्या, आणि झोत रंगवलेल्या भागावर धरू नका, नुसत्या कोरीव कामावर धरा.